दुसरे जहाज

एखादे व्याख्यान ऐकून घरी परतणाऱ्या मराठी श्रोत्याला ते कसे झाले असे विचारले, तर तो बहुधा 'रंगले' किंवा 'रंगले नाही' एवढेच सांगतो. 'पटले' किंवा 'पटले नाही' हे उत्तर त्याच्या तोंडून क्वचितच येते. गाण्याच्या बैठकीला, कीर्तनाला आणि जेवणानंतरच्या विड्यालाही जे क्रियापद आपण लावतो तेच विचाराच्या मांडणीलाही लावतो. न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने 1875 मध्ये पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली ती लोकशिक्षणासाठी, आणि तेथे जमणाऱ्या पिढ्यान्पिढ्यांच्या श्रोत्यांनी ज्ञानाबरोबर रसाचीही अपेक्षा केली असेल तर त्यात गैर काहीच नाही. परंतु ज्या सभेत युद्ध आणि तह, कर आणि देहदंड यांचे ठराव व्हायचे, त्या सभेतही श्रोता रंगण्यासाठीच येऊन बसला तर काय होते? इ. स. पू. 427 मध्ये अथेन्सच्या लोकसभेत क्लिऑन नावाच्या पुढाऱ्याने हा आरोप नागरिकांच्या तोंडावर केला: तुम्ही राज्याच्या मसलतीसाठी बसलेली माणसे नसून शब्दपंडितांचे सामने पाहायला जमलेले प्रेक्षक आहात, असा त्याच्या बोलण्याचा आशय होता. आणि ज्या भाषणात त्याने ही कानउघाडणी केली, ते भाषण एका संपूर्ण शहरातील सर्व प्रौढ पुरुषांची कत्तल मागणारे होते.

ही हकीकत थ्युसिडिडीस या इतिहासकाराने लिहून ठेवली आहे. भाषणांतील शब्द आपण प्रसंगाला अनुसरून घातले असून प्रत्यक्ष बोलण्याच्या सामान्य आशयाला मात्र शक्य तितके धरून राहिलो आहोत, असे तो स्वतःच सांगतो, तेव्हा क्लिऑनचे शब्द क्लिऑनचेच होते असा आग्रह धरता येत नाही. परंतु सार्वजनिक जीवनातील वक्तृत्वाचे उपयोग आणि धोके समजून घेण्यासाठी याहून चांगला प्रसंग मला ठाऊक नाही.

अथेन्समध्ये वक्तृत्व ही चैनीची वस्तू नव्हती. वकिलाने अशिलाच्या वतीने न्यायासनापुढे उभे राहण्याची आपल्यासारखी पद्धत तेथे नसल्यामुळे वादी आणि प्रतिवादी या दोघांनाही शेकडो नागरिकांच्या पंचमंडळापुढे जातीने उभे राहून, घटिकापात्रातील पाणी संपायच्या आत आपली बाजू मांडावी लागे, आणि ज्याची जीभ अडखळे त्याची मिळकतच काय, प्रसंगी जीवही धोक्यात येई. लिसिअससारखे लेखक दुसऱ्यांसाठी भाषणे लिहून देत आणि पक्षकार ती न्यायालयात म्हणून दाखवीत. या कलेचा उगम सिसिली बेटावर झाला असे परंपरा सांगते: तेथील जुलमी राजवटी उलथून पडल्यावर बळकावलेल्या जमिनी परत मिळवण्यासाठी दिवाणी दाव्यांचा पूर लोटला, आणि कोरॅक्स व टिसिअस या दोघांनी सामान्य माणसाला न्यायासनापुढे बोलायला शिकवले. मला ही कथा फार मोलाची वाटते, कारण वक्तृत्वशास्त्राच्या या कुळकथेच्या आरंभी कोणी राजा किंवा सेनापती उभा नसून आपली जमीन गमावून बसलेला माणूस उभा आहे.

सिसिलीतीलच गॉर्जिअस हा प्रख्यात वाक्पटू त्याच 427 साली आपल्या लिऑन्टिनी या नगराचा वकील म्हणून मदत मागायला अथेन्सला आला. शब्दाचा मनावरील परिणाम त्याने औषधाच्या शरीरावरील परिणामाशी ताडून पाहिला होता. काही औषधे रोग संपवतात, काही माणसालाच संपवतात, तसेच शब्दांचे आहे, असे त्याचे मत. प्लेटोने त्याच्याच नावाने लिहिलेल्या संवादात हा गॉर्जिअस सांगतो की माझा भाऊ वैद्य आहे. जे रोगी त्याच्या हातून औषध घ्यायला किंवा डाग देऊन घ्यायला तयार होत नाहीत, त्यांचे मन मी निव्वळ बोलून वळवतो. वक्तृत्वाचा याहून निर्मळ उपयोग कोणता सांगावा! वैद्याजवळ ज्ञान आहे, परंतु ते रोग्याच्या गळी उतरवण्याचे सामर्थ्य नाही. मात्र त्याच दमात तो पुढे सांगतो की नगरवैद्याची नेमणूक सभेत मतांनी व्हायची असेल तर तेथे वैद्य बाजूला पडेल आणि वक्ता निवडून येईल. उपयोग आणि धोका यांच्यामध्ये केवळ एका वाक्याचे अंतर आहे, आणि बोलणाऱ्याला त्याची जाणीवही नाही. प्लेटोने या विद्येला पाकक्रियेच्या पंगतीला बसवले, कारण जिभेला जे रुचते ते वाढण्यापलीकडे तिला शरीराच्या हिताची फिकीर नसते. त्याच्या या कठोरपणामागे आपल्या गुरूला पंचांच्या बहुमताने विष घ्यावे लागल्याची आठवण असावी असे मला वाटते.

आता मूळ प्रसंगाकडे वळतो. आजच्या तुर्कस्तानच्या किनाऱ्यासमोर लेस्बॉस हे बेट आहे. त्यावरील मिटिलीनी हे नगर अथेन्सचे दोस्त असूनही, स्पार्टाशी युद्ध ऐन भरात असताना आणि प्लेगच्या साथीने अथेन्स खंगलेले असताना, 428 मध्ये उलटले. वेढा पडला, अन्न संपत आले, तेव्हा तेथे आलेल्या स्पार्टाच्या प्रतिनिधीने सामान्य लोकांच्या हाती शस्त्रे दिली. परंतु हत्यारे हाती येताच त्या लोकांनी सरदारवर्गाला, धान्य बाहेर काढा, नाही तर आम्ही नगर अथेन्सच्या हवाली करतो, असे बजावले आणि नगराला शरण यावे लागले. बातमी येताच अथेन्सच्या सभेने संतापाच्या भरात ठराव केला: सर्व प्रौढ पुरुषांना ठार करावे, बायकामुलांना गुलाम करावे. हुकूम घेऊन जहाज त्याच दिवशी सुटले.

रात्र गेली आणि लोकांचे मन खाऊ लागले. गुन्हेगारांबरोबर सारे शहरच मारायचे, हा ठराव त्यांना सकाळी अमानुष वाटू लागला, आणि दुसऱ्या दिवशी सभा पुन्हा भरली. क्लिऑन उठला. थ्युसिडिडीस त्याला त्या काळातील सर्वांत आक्रमक आणि लोकांवर सर्वाधिक वजन असलेला पुढारी म्हणतो. एकदा केलेला कायदा वाईट असला तरी न बदलणारे राज्य हे चांगले कायदे सतत फिरवणाऱ्या राज्यापेक्षा बलवान असते. हुशारीपेक्षा साधेपणा बरा. दया, गोड भाषण आणि उदारपणा हे तिन्ही साम्राज्याचे शत्रू आहेत. आणि जो कोणी आज ठराव फिरवायला सांगेल तो एक तर आपले बुद्धिकौशल्य मिरवत असला पाहिजे किंवा लाच खाऊन बोलत असला पाहिजे, असे त्याने मांडले. वक्तृत्वाचा सर्वांत घातक प्रकार हाच, असे माझे मत आहे. अलंकार, उपमा, आवाजाचे चढउतार यांनी श्रोता फसतो हे खरे, पण ती भूल उतरते. 'मी साधा माणूस, मला शब्दांचे खेळ येत नाहीत' असे म्हणत जो प्रतिपक्षाच्या हेतूवरच आधी शंका घेतो, तो पुढच्या वक्त्याचे तोंड उघडण्यापूर्वीच बंद करतो, आणि श्रोत्याला वाटते की आपण मोहापासून वाचलो.

त्याला उत्तर देणारा डायोडोटस हा युक्रेटीसचा मुलगा; या एका भाषणापलीकडे इतिहासात त्याचे काही शिल्लक नाही. त्याने प्रथम क्लिऑनच्या त्या शंकेलाच हात घातला. घाई आणि क्रोध हे सुविचाराचे दोन वैरी, आणि जो वक्त्यांना लाचखोर ठरवून दडपतो तो राज्याला सल्लागारांपासून वंचित करतो, असे तो म्हणाला. अशा नगरीत भला सल्लाही सरळपणे देता येत नाही, विश्वास बसावा म्हणून चांगल्या माणसालाही आडवळणाने बोलावे लागते, हे त्याचे वाक्य वाचताना मन अस्वस्थ होते, कारण पुढे तो स्वतः तेच करतो. दयेचा उच्चार टाळून त्याने सारा युक्तिवाद हिशेबावर उभारला. मिटिलीनीच्या सामान्य लोकांनी शस्त्रे मिळताच नगर तुमच्या स्वाधीन केले. त्यांनाच तुम्ही मारलेत तर उद्या दुसरीकडे बंड होईल तेव्हा तेथील लोक सरदारांच्या बाजूने शेवटपर्यंत लढतील, आणि तुमच्या हाती खंडणी देणारे शहर न येता दगडविटांचा ढीग येईल. देहदंडाच्या भीतीने माणसे गुन्हा करायची थांबत नाहीत, कारण आशा त्यांना पुढे ओढत असते, हेही त्याने सांगितले. दयेने विरघळलेल्या सभेला दया दाखवण्याची लाज वाटू नये म्हणून त्याने तिच्या हाती स्वार्थाचे कारण दिले. हा प्रामाणिकपणा म्हणायचा की कपट? मी त्या सभेत असतो तर त्याच्या कपटासाठी हात वर केला असता.

हात वर करून मते मोजली गेली, आणि अगदी थोडक्यात डायोडोटसची सरशी झाली. लगेच दुसरे जहाज निघाले. पहिले जवळजवळ एक दिवस आणि एक रात्र पुढे होते. मिटिलीनीच्या वकिलांनी वल्हेकऱ्यांसाठी दारू आणि जवाचे पीठ भरून दिले, वेळेत पोहोचलात तर मोठे इनाम देऊ म्हणून सांगितले, आणि ते वल्हेकरी दारू व तेलात मळलेले पीठ वल्ही मारता मारताच खात, आळीपाळीने झोपत निघाले. सुदैवाने वारा प्रतिकूल नव्हता, आणि पहिले जहाज त्या भीषण कामावर निघाले असल्यामुळे रेंगाळत चालले होते. सेनापती पेकीज याने पहिला हुकूम वाचून अंमलबजावणीची तयारी चालवली होती, तोच दुसरे जहाज बंदरात शिरले. बंडाचे सूत्रधार म्हणून अथेन्सला पाठवलेल्या हजाराहून थोड्या अधिक माणसांना क्लिऑनच्या ठरावावरून पुढे ठार केलेच, हे सांगितल्याशिवाय ही गोष्ट पूर्ण होत नाही. पण शहर वाचले.

ज्या उन्हाळ्यात हे घडले त्याच सुमारास कॉर्सायरा बेटावर यादवी पेटली, आणि तेथे शब्दांचे नेहमीचे अर्थच लोकांनी फिरवले असे थ्युसिडिडीस नोंदवतो: अविचारी धाडसाला निष्ठा म्हणू लागले, दूरदृष्टीला भ्याडपणा, आणि सर्व बाजूंनी विचार करणाऱ्याला निकम्मा. सभेतील वक्तृत्वाचे विष येथे घराघरांतील विचारात उतरलेले दिसते. आपल्याकडे न्यायशास्त्राने या रोगाचे निदान फार काटेकोरपणे केले आहे. सत्य शोधण्यासाठी चालतो तो वाद, जिंकण्यासाठी चालतो तो जल्प, आणि स्वतःचा पक्ष न मांडता फक्त दुसऱ्याचा पाडण्यासाठी चालते ती वितंडा. प्रतिपक्षाच्या शब्दाला त्याच्या मनात नसलेला अर्थ चिकटवणे याला छल म्हणतात, आणि त्याचे शास्त्रप्रसिद्ध उदाहरण 'नवकंबल' हे आहे: नवी घोंगडी असलेला माणूस असे कोणी म्हणावे आणि दुसऱ्याने, 'याच्याजवळ नऊ घोंगड्या कोठे आहेत?' असे विचारावे.

मराठी गद्याचा अभिमान बाळगणाऱ्याला येथे एक गोष्ट बोलून दाखवलीच पाहिजे. 1874 साली निबंधमाला काढून विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी आपल्या भाषेला जे तेज दिले त्याचे ऋण माझ्यासारख्या प्रत्येक लेखकावर आहे. परंतु त्याच मालेत जोतीराव फुल्यांच्या लेखनाचा समाचार घेताना त्यांनी त्यातील व्याकरणाची आणि भाषेची जी थट्टा आरंभली, ती वाचताना वाचक हसतो आणि शूद्रातिशूद्रांच्या शिक्षणाचा जो प्रश्न फुल्यांनी विचारला होता त्याला उत्तर मिळालेच नाही हे त्याच्या ध्यानातही येत नाही. इतकी समर्थ लेखणी, आणि ती येथे वितंडेच्या कामी लागली, याचे मला मनापासून वाईट वाटते.

अथेन्सला मात्र दुसरे जहाज नेहमी मिळाले नाही. 416 मध्ये मेलॉस बेटावर पुरुषांची कत्तल झाली आणि बायकामुले गुलाम म्हणून विकली गेली. तो ठराव फिरवायला कोणी उठले नाही. पुढच्या वर्षी सिसिलीवर स्वारी करण्याचा प्रश्न आला. तरुण आल्सिबायडीसने स्वारीची बाजू मांडली. वृद्ध सेनापती निसिअसचा तिला विरोध होता, आणि सरळ विरोध चालत नाही असे पाहून त्याने एक डाव टाकला: एवढी गलबते लागतील, एवढे पायदळ, एवढे धान्य, असा अवाढव्य खर्चाचा अंदाज सांगून लोकांना धास्ती घालावी. परिणाम नेमका उलटा झाला. एवढी मोठी तयारी असेल तर पराभव अशक्यच, असे समजून सभा पहिल्यापेक्षा अधिक पेटली, निसिअसने मागितले ते सारे मंजूर झाले, आणि ज्यांना मोहीम पसंत नव्हती ते, विरुद्ध मत दिले तर देशद्रोही ठरू, या भीतीने गप्प बसले. आडवळणाने बोलण्याची जी युक्ती डायोडोटसला साधली तीच येथे सेनापतीच्या अंगावर उलटली. आणि ती त्याच्याच गळ्याशी आली, कारण त्या मोहिमेचे नेतृत्व त्याच्याकडेच होते.

413 मध्ये सारे सैन्य आणि आरमार नष्ट झाले. निसिअस मारला गेला. बातमी अथेन्सला पोहोचली तेव्हा प्रत्यक्ष पळून आलेल्या सैनिकांच्या जबानीवरही लोकांनी विश्वास ठेवला नाही. आणि खरेपणाची खात्री पटल्यावर, ज्या वक्त्यांनी मोहिमेचा उत्साह वाढवला होता त्यांच्यावर ते संतापले, जणू मते त्यांनी स्वतः दिलीच नव्हती. सल्ला देणाऱ्याला जाब विचारला जातो पण ऐकणाऱ्याला कोणी विचारत नाही. दोघांनाही सारखीच शिक्षा असती तर तुम्ही अधिक सावधपणे निर्णय घेतला असता, हे डायोडोटसने चौदा वर्षांपूर्वी त्याच सभेला सांगून ठेवले होते.

सुमारे सात हजार कैदी सिराक्यूजच्या दगडखाणींत कोंडले गेले. दिवसा डोक्यावर ऊन, रात्री थंडी, शेजारी मेलेल्यांची प्रेते, आणि शिधा म्हणून थोडेसे पाणी व मूठभर धान्य. प्लुटार्कने पुढे कित्येक शतकांनी लिहिलेल्या निसिअसच्या चरित्रात त्यांच्याविषयी एक आठवण आली आहे. सिसिलीच्या लोकांना युरिपिडीसच्या काव्याचे वेड होते, पण त्याच्या नाटकांतील जेमतेम काही तुकडे तेथवर पोहोचले होते. ज्या अथेनियन कैद्यांना त्याची पदे पाठ होती त्यांनी ती म्हणून दाखवली, कोणी ती धन्याला शिकवून गुलामीतून सुटला, कोणाला लढाईनंतर रानोमाळ भटकताना त्या बदल्यात अन्नपाणी मिळाले. यांतील काही जण अखेर अथेन्सला परतले, आणि युरिपिडीसला भेटून, आपण कसे वाचलो ते सांगून, त्यांनी त्याचे आभार मानले.