आधी कोण बंद, शेवटी कोण बंद: ओव्हरलोडचा अलार्म आणि आपोआप भारकपात

भारनियमन म्हटलं की आपल्याला वेळापत्रक लावून गेलेली लाईट आठवते. आज आपण बोलणार आहोत ते दुसऱ्या भारकपातीबद्दल, जी पॅनेल स्वतःच, काही सेकंदांत करतं.

उदाहरण रोह्याजवळच्या धाटाव एमआयडीसीतलं घेऊ. तिथे रासायनिक कारखाने आहेत. समजा, एका कारखान्यात १००० केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर आहे, ४३३ व्होल्टचा. त्याचा पूर्ण भाराचा करंट होतो साधारण १३३३ अँपिअर. करंट १० टक्के वाढला तर वाइंडिंगमधली उष्णता २१ टक्के वाढते, कारण ती करंटच्या वर्गाप्रमाणे वाढते. म्हणून "थोडासाच ओव्हरलोड आहे" हे वाक्य फसवं असतं.

आता सेटिंग. पहिली पायरी अलार्मची: १२०० अँपिअर सलग एक मिनिट राहिला तर हॉर्न. हा एक मिनिट कशाला? मोटर सुरू होताना काही सेकंद सहा-सातपट करंट घेते. विलंब ठेवला नाही तर प्रत्येक मोटरला हॉर्न वाजेल, आणि रोज वाजणाऱ्या हॉर्नची वायर कोणीतरी काढून ठेवतो! अलार्म माणसाला विचार करायला वेळ मिळावा म्हणून असतो.

दुसरी पायरी भारकपातीची: १३३३ च्या वर ३० सेकंद गेले की पहिला गट बंद. तरीही भार उतरला नाही तर आणखी १५ सेकंदांनी दुसरा. हे आकडे उदाहरणापुरते आहेत, पण एक नियम पक्का: ही सगळी कपात मुख्य ब्रेकर ट्रिप होण्याआधी पूर्ण झाली पाहिजे. नाहीतर थोडं वाचवायला गेलो आणि सगळंच गेलं, असं व्हायचं.

तिसरी गोष्ट परत जोडण्याची, आणि इथेच जास्त चुका होतात. पहिला गट २०० अँपिअरचा आहे. तो काढल्यावर करंट ११५० झाला, म्हणून लगेच परत जोडला तर १३५०. पुन्हा ओव्हरलोड, पुन्हा कपात. कॉन्टॅक्टर खटखट करत बसतो. म्हणून करंट १००० च्या खाली काही मिनिटं टिकला तरच तो गट परत घ्यायचा, आणि एका वेळी एकच.

इथपर्यंत गणित झालं. खरा प्रश्न वेगळा आहे: पहिल्या गटात कोण? ऑफिसचे एसी, बॅटरी चार्जिंग, पॅकिंग चालेल. पण उष्णता सोडणारी अभिक्रिया चालू असताना ॲजिटेटर किंवा कूलिंगचा पंप थांबला, तर रिअॅक्टरचं तापमान हाताबाहेर जाऊ शकतं. विषारी वायू धुणारा स्क्रबर आणि फायर पंप तर यादीत येताच कामा नयेत. रिलेला यातलं काही कळत नाही. त्याला दिसतात फक्त फीडरचे नंबर. म्हणून ही यादी एकट्या इलेक्ट्रिशियनने करायची नसते. प्रोसेस बघणारा माणूस शेजारी बसलाच पाहिजे.

पेणच्या गणपती कारखान्यांतही हाच विचार छोट्या प्रमाणात करता येतो. गणेशोत्सव जवळ आला की दिवे, पंखे, रंगाच्या स्प्रेचे कंप्रेसर एकदम चालतात. तिथे महागडा रिले लागत नाही. कोणता कंप्रेसर आधी थांबवायचा हे ठरलेलं असलं, तरी मेन उडत नाही.

मोठ्या ग्रिडलाही हीच शिस्त लागते. तिथे खूण करंटची नसून फ्रिक्वेन्सीची. वीज कमी पडली की फ्रिक्वेन्सी ५० हर्ट्झच्या खाली घसरते आणि रिले टप्प्याटप्प्याने फीडर सोडतात. ३० आणि ३१ जुलै २०१२ ला उत्तर भारताची ग्रिड लागोपाठ दोन दिवस कोसळली. फ्रिक्वेन्सी पडल्यावर भार काढणाऱ्या रिलेंकडून पुरेसा दिलासा मिळाला नाही, हे चौकशीत पुढे आलं. रिले भिंतीवर असणं वेगळं, वेळेला चालणं वेगळं.

म्हणून दरवर्षी पावसाळ्याआधी रिलेची चाचणी घ्या, आणि नवीन मशिन आलं की यादी पुन्हा वाचा. कोण शेवटपर्यंत चालू राहणार हे शांत डोक्याने आधी ठरवलेलं असलं, तर त्या ३० सेकंदांत कोणाला धावावं लागत नाही.