खेळाडूवर कौटुंबिक हिंसाचाराचा आरोप: गुन्हा दाखल झाला म्हणजे तो दोषी ठरला का?

फेब्रुवारी २०२३ मध्ये माजी क्रिकेटपटू विनोद कांबळी यांच्याविरोधात पत्नीच्या तक्रारीवरून मुंबईतल्या वांद्रे पोलिसांनी गुन्हा दाखल केला. स्वयंपाकाच्या भांड्याची मूठ फेकून मारल्याने डोक्याला दुखापत झाली, असा आरोप होता.

अशी बातमी आली की कमेंट्समध्ये लगेच दोन गट पडतात. एक म्हणतो, 'तुरुंगात टाका.' दुसरा म्हणतो, 'पैशासाठी चाललंय सगळं.' खरं तर दोघांनीही निकाल देऊन टाकलेला असतो.

गुन्हा दाखल होतो म्हणजे नेमकं काय?

पोलिसांनी तक्रार नोंदवली आणि तपास सुरू झाला, एवढाच त्याचा अर्थ. त्यानंतर तपास, आरोपपत्र, खटला आणि शेवटी निकाल. त्यामुळे 'मारहाणीचा आरोप' आणि 'मारहाण केली' या दोन मथळ्यांत मोठा फरक आहे. पण आरोप सिद्ध झालेला नाही याचा अर्थ तक्रार खोटी आहे, असाही होत नाही.

मग निकाल कधी लागतो?

कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचं संरक्षण करणारा २००५ चा कायदा तुरुंगवासापेक्षा संरक्षण, राहण्याचा हक्क आणि पोटगी यांवर भर देतो. पहिल्या सुनावणीपासून ६० दिवसांत अर्ज निकाली काढण्याचा प्रयत्न करावा, असं त्यात म्हटलंय. प्रत्यक्षात काय होतं?

टेनिसपटू लिअँडर पेस यांच्याविरोधात त्यांच्या माजी जोडीदाराने २०१४ मध्ये मुंबईत दाद मागितली. पेस यांच्याकडून कौटुंबिक हिंसाचार झाल्याचं दंडाधिकारी न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये मान्य केलं आणि पोटगीचा आदेश दिला. म्हणजे तब्बल आठ वर्षं. तक्रार आली त्याच दिवशी 'ती खोटं बोलतेय' असं लिहून मोकळे होणारे अशा वेळी कुठे असतात?

बोर्डाची 'क्लीन चिट' म्हणजे निर्दोष?

नाही. २०१८ मध्ये मोहम्मद शमी यांच्यावर पत्नीने हिंसाचाराचे आणि पैशांच्या व्यवहाराबाबतही आरोप केले. बीसीसीआयने करार रोखला, भ्रष्टाचाराच्या मुद्द्याची चौकशी केली आणि नंतर करार दिला. घरातल्या हिंसाचाराच्या आरोपांचा फैसला बोर्डाने केलाच नव्हता. ते काम न्यायालयाचं.

हिंगणघाटचं उदाहरण काय सांगतं?

प्रकरण वेगळं, पण मुद्दा तोच. ३ फेब्रुवारी २०२० रोजी हिंगणघाटमध्ये भररस्त्यात एका प्राध्यापिकेला पेटवून देण्यात आलं. आठवडाभराने तिचा मृत्यू झाला. लोक रस्त्यावर उतरले, आरोपीला आमच्या ताब्यात द्या अशी मागणी झाली. तो संताप साहजिक होता. तरीही साक्षीपुरावे तपासले गेले आणि १० फेब्रुवारी २०२२ रोजी हिंगणघाटच्याच न्यायालयाने आरोपीला जन्मठेप सुनावली. दिवसाढवळ्या झालेल्या गुन्ह्यातही खटला टळत नाही. मग बंद दाराआडच्या घटनेचा निवाडा एका रीलवर कसा होणार?

शेअर करण्याआधी काय पाहायचं?

- बातमी कोणत्या टप्प्याची आहे: तक्रार, आरोपपत्र की निकाल?
- दोन्ही बाजू दिल्यात का?
- तक्रारदार महिलेचे किंवा मुलांचे खासगी फोटो आहेत का? असतील तर पुढे पाठवू नका.
- खेळाडूची शतकं आणि पदकं पुरावा म्हणून मांडली आहेत का? ती मैदानावरची कामगिरी आहे, घरातल्या वागण्याचा दाखला नाही.

आणि तुमच्या ओळखीत कुणी हिंसाचार सोसत असेल, तर निकालाची वाट पाहू नका. महिला हेल्पलाइन १८१ किंवा आपत्कालीन क्रमांक ११२ वर मदत मिळते.