साप हातात ठरत नाही तेव्हा

"ताई, तुमच्या भामरागडला साप रोजचेच. एवढं सांग, हा हातात ठरतच नाही गं!" अमेरिकेतून धाकट्या बहिणीचा फोन. भाच्यानं कॉर्न स्नेक पाळलाय. बिनविषारी, आपल्या धामणीच्या गोतावळ्यातला.

म्हटलं, अगं, तो चिडत नाही, घाबरतो. वरून झडप घातलीस तर त्याला घारच आली असं वाटतं. बाजूनं हळूच हात खाली सरकव, अंगाला दोन ठिकाणी आधार दे. आवळू नकोस, या हातावरून त्या हातावर जाऊ दे. सुरुवातीला पाचच मिनिटं. खाल्ल्यावर दोन दिवस उचलायचा नाही, नाहीतर खाल्लेलं ओकतो. डोळे दुधाळ दिसले की कात टाकायची वेळ, तेव्हाही नको. एवढं करूनही वळवळला, तर सरळ पेटीत ठेव.

महिन्यानं ती म्हणाली, "आता माझ्या मनगटावर निवांत बसतो!"

पण मैत्रिणींनो, हा धडा आपल्या अंगणात गिरवू नका. इथं नाग, मण्यार, घोणस आहेत. शिवाय १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं इथले साप पाळता येत नाहीत. मण्यार रात्री निघते, दंश फारसा दुखतही नाही. म्हणून पावसाळ्यात खाली झोपू नका, मच्छरदाणी गादीखाली खोचा. दंश झालाच तर मांत्रिकाकडे वेळ घालवू नका. डॉ. प्रकाश आणि मंदाताई आमटे यांनी १९७३ पासून हेमलकशात उभा केलेला दवाखाना जवळच आहे. तिथं आधी पोचा.