स्टिक थरथरतेय, पण थरथरवतंय कोण?

मागच्या व्याख्यानानंतर प्रश्न आला होता, "उडताना विमानाची स्टिक हातात थरथरायला लागली, तर दोष शोधायचा कुठे?" आज तेवढंच घेऊ. उदाहरणाला पिट्स स्पेशल घेतो. कर्टिस पिट्स यांनी अमेरिकेत बांधलेलं, १९४४ साली पहिल्यांदा उडालेलं, हवाई कसरतींचं छोटं दुपंखी विमान. सांगाडा पोलादी नळ्यांचा, पंखांत लाकूड, वरून कापड, आणि सगळं तारांनी ताणून धरलेलं. थरथरायला जागा भरपूर!

आता बघा, कंपनं दोन जातींची असतात. एसटी स्टँडवर उभी असते, इंजिन चालू असतं आणि खिडकीची काच खडखडत असते. ड्रायव्हरने रेस केली की काच गप्प. म्हणजे काचेला बाहेरून कुणीतरी ठरावीक तालात ढकलतंय. दुसरी जात झेंड्याची. वारा एकसारखा वाहतो, तरी झेंडा फडफडतो, कारण तो स्वतःच्या हालचालीतूनच वाऱ्याची ऊर्जा उचलतो. एलिव्हेटर किंवा एलेरॉन असा वागायला लागला की त्याला फ्लटर म्हणतात. पहिली जात वैताग आणते, भाग झिजवते. दुसरी काही सेकंदांत शेपटी मोडू शकते. म्हणून पाना हातात घेण्याआधी जात ओळखायची.

साधा हिशेब करू. इंजिन मिनिटाला २७०० फेरे मारतंय, म्हणजे सेकंदाला ४५. दोन पात्यांचा पंखा असेल तर सेकंदाला हवेचे ९० धक्के मागे जातात. चार सिलिंडरच्या इंजिनात ठिणग्यांचे धक्केही तेवढेच, ९०. फेरे २४०० वर आणले की दोन्ही ८० होतात. तेव्हा वैमानिकाला पहिला प्रश्न हा, की वेग तोच असताना फेरे बदलल्यावर कंपन बदललं का? बदललं, तर संशय इंजिन, पंखा, त्याचा तोल यांच्याकडे. फेरे तेच आणि वेगाबरोबर कंपन वाढलं, तर संशय हवेकडे. पण पंख्याच्या पात्यांचा कोन पक्का असेल तर सूर मारताना वेग आणि फेरे एकदमच वाढतात, आणि इथेच बरेच जण फसतात.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो. "बघूया, अजून वेगात काय होतं" हा प्रयोग करायचा नाही. कंपन वाढतंय असं वाटलं की थ्रॉटल मागे, नाक हळूच वर, वेग कमी, आणि सरळ उतरायचं. पुढचा तपास जमिनीवर.

स्टिक पुढे-मागे थरथरत होती तर एलिव्हेटर, डावी-उजवी तर एलेरॉन, पायात जाणवलं तर रडर. एकाने स्टिक घट्ट धरायची, दुसऱ्याने मागची कड बोटांनी हलवायची. एलिव्हेटरवरची ट्रिम टॅब आधी बघा. एवढीशी पट्टी, पण तिच्या बिजागरीत किंवा जोडदांड्यात थोडीशी ढिलाई पुरते. मग एलेरॉन. चार एलेरॉनच्या पिट्समध्ये स्टिक खालच्या दोघांना हलवते आणि वरचे दोघे उभ्या दांड्याने त्यांना जोडलेले असतात. त्या दांड्याची टोकं झिजली की खाली सगळं घट्ट, वरचा मात्र मोकळा. फटीवरची टेप सुटलीय का, शेपटीच्या तारांचा ताण दोन्हीकडे सारखा आहे का, हेही बघा.

आणि नुकता रंग दिला होता का, हे जरूर विचारा. बिजागरीच्या मागे रंगाचे दोन जादा थर चढले, किंवा निचऱ्याची भोकं बुजून आत पाणी साचलं, तर वजन मागे सरकतं आणि फ्लटरला वाट मिळते. रंगानंतर तोल पुन्हा मोजायचा, तो यासाठी.

हे दुखणं जुनं आहे. १९१६ साली ब्रिटिश हँडली पेज बॉम्बरची शेपटी भयानक हलायची. लँचेस्टर यांनी तपास केला. डावा आणि उजवा एलिव्हेटर वेगवेगळ्या केबलींवर होते, त्यामुळे एक वर तर दुसरा खाली असं चालायचं. दोघांना कडक नळीने जोडा, हा त्यांचा उपाय.

मागून विचारतायत, "स्टिक घट्ट धरली की थरथर थांबते, मग तसंच उडवलं तर?" नाही. तुमचा हात तेवढ्यापुरता कंपन शोषून घेतोय, ढिलाई आहे तिथेच आहे. आणि वरचा एलेरॉन झिजलेल्या दांड्यावर मोकळा असेल, तर तो तुमच्या हातात नाहीच.