पूस नदीकांठचें जुनें पुसद

यवतमाळ जिल्ह्याच्या नैर्ऋत्य भागांत, डोंगरांच्या कुशींत, पुसद हें गांव वसलेलें आहे. वाशीमच्या बाजूनें येणारी पूस नदी गांवाजवळून वाहत पुढें पैनगंगेस मिळते. गांवाला नांवही तिनेंच दिलें. १९०५ पर्यंत हा तालुका वाशीम जिल्ह्यांत मोडत असे. त्या वर्षीं जुन्या वणी जिल्ह्यास यवतमाळ हें नांव मिळालें आणि पुसद त्यास जोडलें गेलें. कागदावरचा जिल्हा बदलला, तरी गांवाचा दिवस पूर्वीप्रमाणेंच नदीपाशीं उजाडत राहिला.

१९३० सालीं या गांवाजवळ थोडेंसें गवत कापलें गेलें आणि त्याबद्दल वऱ्हाडच्या एका थोर पुढाऱ्यास तुरुंगांत जावें लागलें. गवताला एवढें मोल कां आलें, हें तेथील घरोघरचा दिनक्रम पाहिल्याशिवाय उमगत नाहीं.

दिवसाचें पहिलें काम पाणी. पावसाळ्यांत पूस गढूळ आणि आडदांड. दिवाळीनंतर तिचें पाणी निवळे. स्नानें, धुणीं, गुरांचें पाणी, सारें तेथेंच चाले. चैत्र लागला कीं धार तुटे आणि डबक्यांतलें पाणी हिरवें पडे. मग बायका वाळूंत हात-दीड हात खोल झिरा खणीत, पाणी पाझरून वर येईपर्यंत बसून राहत आणि वाटीवाटीनें घागर भरीत. नदी एकच, परंतु कांठावरच्या जागा जातीप्रमाणें वांटलेल्या. ज्यांना वरच्या अंगास येण्याची मनाई, त्यांच्या वांट्यास खालचें, इतरांनीं वापरून सोडलेलें पाणी येई. जुन्या काळाचे गोडवे गातांना ही गोष्ट सहसा वगळली जाते.

उघड्या पडलेल्या वाळूंत भोई आणि ढीवर लोक डांगरांच्या व काकड्यांच्या वाड्या लावीत. उन्हाळ्यांत गांवाला हिरवें असें तेवढेंच मिळे. एरवीं जेवण म्हणजे ज्वारीची भाकरी, तुरीचें वरण, अंबाडीची भाजी आणि जवसाची चटणी.

घरें मातीचीं. सधनांचीं धाब्याचीं किंवा कवेलूंचीं, गरिबांचीं गवतानें शाकारलेलीं. दर वर्षीं मृगापूर्वीं छप्पर नवें करावें लागे, आणि त्यास गवताचे भारेच्या भारे लागत. चुलीला सर्पण हवें. गोवऱ्या होत्या, पण सगळें शेण जाळलें तर शेताला खत कोठून आणावयाचें? नांगराला बाभूळ, बंडीच्या कण्याला तिवस, घराच्या खांबाला साग, हें सर्व रानांतून येई. विसाव्या शतकाच्या आरंभीं यवतमाळ-मूर्तिजापूर ही अरुंद रुळांची गाडी सुरू झाली, तरी पुसदच्या कापसाला दारव्ह्याचें स्थानक गाठावयाचें तर बंडीच लागे. म्हणजे शेत बैलावर, बाजार बैलावर, आणि बैल चाऱ्यावर. कडबा संपला कीं रानाच्या गवताखेरीज गति नसे. १८९९-१९०० च्या दुष्काळांत वऱ्हाडांत गुरें फार मेलीं, तेव्हां या हिशेबाची प्रचीति घरोघरीं आली.

हें गवत आणि सर्पण गांवांत आणीत त्या बहुधा आंध आणि बंजारा स्त्रिया. बंजाऱ्यांचे तांडे एके काळीं बैलांच्या पाठीवर मीठ व धान्य लादून देशभर फिरत. सडका आणि आगगाड्या झाल्या, तो व्यापार बुडाला, आणि पुष्कळ तांडे पुसदच्या रानाकडेला स्थिरावले. (वसंतराव नाईक हे अशाच एका तांड्यांत, पुसदजवळच्या गहुली येथें, १९१३ मध्यें जन्मले.) पहाटे निघून डोक्यावर मोळी घेऊन कोसन् कोस चालत यावें, मिळेल त्या भावांत ती विकावी आणि मीठमिरची घेऊन परतावें, असा त्यांचा दिवस.

रान मात्र आतां सरकारी झालें होतें. वऱ्हाडच्या राखीव जंगलांत कांहीं भाग लाकूड-सर्पणासाठीं, कांहीं गवताचे रमणे म्हणून, तर कांहीं चराईसाठीं ठरविलेले होते. चराईस दर जनावरामागें पैसे, मोळीस परवाना. गुरूं चुकून राखीव भागांत शिरलें कीं त्याची रवानगी कोंडवाड्यांत. सोडवावयास पुन्हा पैसे. जंगल राखलें पाहिजे हें खरेंच, कारण उघडे डोंगर नदीलाही आटवितात. पण आजोबांनीं फुकट आणलेला भारा नातवानें आणला तर तो गुन्हेगार, हें गांवाला पटणें कठीण होतें.

१९३० च्या मिठाच्या सत्याग्रहांत विदर्भापुढें अडचण अशी कीं समुद्र शेंकडों मैल दूर. एप्रिलमध्यें अकोला जिल्ह्यांतील दहिहंडा येथें खाऱ्या विहिरींच्या पाण्यापासून मीठ करण्यांत आलें. परंतु पाऊस सुरू झाल्यावर तें कोठून साधणार! तेव्हां जंगलाचा कायदा मोडावयाचें ठरलें, आणि जागा निवडली पुसद. वणी येथें १८८० मध्यें जन्मलेले व यवतमाळास वकिली करणारे लोकनायक माधव श्रीहरि ऊर्फ बापूजी अणे यांनीं १० जुलै १९३० रोजीं पुसदजवळच्या राखीव जंगलांत गवत कापलें. त्यांना अटक होऊन सहा महिन्यांची शिक्षा झाली. त्याच महिन्याच्या २१ तारखेस डॉ. केशव बळीराम हेडगेवार यांच्या तुकडीनें यवतमाळजवळ तोच कायदा मोडला. पुढें हें लोण दूरवर गेलें. कुलाबा जिल्ह्यांतील चिरनेर येथें २५ सप्टेंबर रोजीं गोळीबार होऊन माणसें दगावलीं.

शेतकऱ्याच्या दृष्टीनें पाहतां आषाढांतलें गवत म्हणजे नुकतें उगवलेलें, ओलें, ना चाऱ्याच्या गंजीला उपयोगी ना छपराला. तें दिवाळीच्या सुमारास पिकतें आणि कार्तिकांत कापतात. बापूजींनीं कापलेलें गवत एका बैलाला एक वेळही पुरलें नसेल. पण पाहणाऱ्यांना त्याचा अर्थ कोणी समजावून सांगावा लागला नाहीं. ज्या विळ्यानें त्यांच्या घरचें छप्पर होई, तोच विळा एका नामांकित वकिलाच्या हातीं दिसत होता. मोळ्या आणणाऱ्या बायांनीं आयुष्यभर जो दंड आणि धाक सोसला, त्याची नोंद मात्र इतिहासाच्या कोणत्याच पानावर आढळत नाहीं. बापूजींची तारीख तेवढी राहिली.

नदीचा क्रम पुढेंही बरींच वर्षें तसाच चालला. पुसदच्या वरच्या अंगास पूस नदीवर धरण झालें तें १९७१ मध्यें. तोंपर्यंत चैत्र लागला कीं बायका घागर आणि वाटी घेऊन वाळूंत उतरतच होत्या.