बटण जिथल्या तिथे

सकाळी साडेदहाला भिलाईलगतच्या रिसालीतल्या एका घरात कॉम्प्युटर सुरू होतो. थोड्याच वेळात पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात लाल चौकट उगवते. तुमच्या कॉम्प्युटरमध्ये पाच व्हायरस सापडले आहेत, ताबडतोब इथे दाबा. चौऱ्याहत्तर वर्षांचे गृहस्थ चष्मा सारखा करतात, शेजारची वही ओढून वेळ टिपतात आणि माऊस त्या चौकटीकडे नेतात.

"बाबा, थांबा. तिथे दाबू नका."

"अगं, अलार्म आलाय. बघायला नको?"

मुलगी पुण्यात सॉफ्टवेअरच्या चाचणीचं काम करते. आझाद हिंद एक्सप्रेसने दुर्गला उतरून ती दिवाळीला घरी आली आहे. वडिलांचा कॉम्प्युटर यंदा नीट लावून द्यायचा, असं ठरवूनच आली. पहिला तासभर हात मांडीवर ठेवून नुसतं बघायचं, हेही तिने ठरवलं होतं. तेवढ्या एका क्लिकपुरता तो नेम मोडला. पण वडिलांच्या उत्तरातून तिला पुढच्या चार दिवसांच्या कामाची दिशा मिळाली.

वडील भिलाई पोलाद कारखान्यात ब्लास्ट फर्नेसच्या कंट्रोल रूममध्ये होते. सोव्हिएत मदतीने उभ्या राहिलेल्या या कारखान्याची पहिली भट्टी 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली. वडील विदर्भातून इथे आले ते सत्तरच्या दशकात. त्यांना हा मुलूख परका वाटला नाही. 1956 पर्यंत छत्तीसगड आणि विदर्भ एकाच प्रांतात होते आणि राजधानी होती नागपूर. त्यांची अख्खी नोकरी घड्याळासारख्या तबकड्या, कागदावर रेघ ओढत जाणारे रेकॉर्डर आणि दिव्यांची पाटी यांच्यासमोर गेली. दाब घसरला की भोंगा वाजायचा आणि पाटीवरचा त्याच बिघाडाचा दिवा लुकलुकायचा. बटण दाबून भोंगा थांबवायचा, बिघाड बघायचा, लॉगबुकात नोंद करायची. खोट्या कारणासाठी दिवा लागला तर तो दिवाच दुरुस्तीला जायचा.

असा माणूस यंत्राला घाबरत नाही. "बाबांना कॉम्प्युटर जमत नाही" हे घरात इतकी वर्षं बोललं गेलेलं वाक्य मुळातच चुकीचं होतं. प्रत्येक इशारा मनावर घ्यायचा, ही त्यांची शिस्त. आणि घरातल्या पडद्यावर दिवसभर खोटे भोंगे वाजत होते.

म्हणून दुरुस्तीची सुरुवात भोंग्यांपासून झाली. ती लाल चौकट कुठल्याशा जाहिरातबाज संकेतस्थळाची सूचना निघाली. कधीतरी पंचांग शोधताना "अलाऊ" दाबलं गेलं, आणि त्या संकेतस्थळाला कोपऱ्यात चौकटी टाकायची मुभा मिळाली. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये अशा परवानग्यांची यादी असते. तिथे एकोणीस नावं होती. मुलीने सगळी काढली आणि यापुढे कुठल्याच संकेतस्थळाने परवानगी मागूही नये, अशी सोय केली. कॉम्प्युटरच्या स्वतःच्या सुरक्षेच्या सूचना तेवढ्या ठेवल्या आणि त्या कशा दिसतात, हे एकदा दाखवून दिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी कोपरा रिकामा होता. वडील बराच वेळ तिकडे बघत राहिले.

त्या पहिल्या तासात तिच्या वहीत बरंच काही उतरलं होतं. डबल क्लिक करताना दोन टिचक्यांच्या मध्ये हात किंचित सरकतो, त्यामुळे फाइल उघडण्याऐवजी जागची हलते. पांढऱ्या पानावर पांढरा बाण हरवतो. बँकेचं एकच स्टेटमेंट बारा वेळा डाउनलोड झालेलं, कारण ते पासवर्ड मागतं आणि वडिलांना वाटतं, फाइलच खराब आली. यातली एकही गोष्ट त्यांनी फोनवर कधी सांगितली नव्हती. त्यांना ती सांगण्याजोगी वाटलीच नव्हती. पालकांना शिकवायला बसणाऱ्याने आधी बघत बसावं, ते यासाठी.

बाण मोठा आणि पिवळा केला. फोल्डर ऑप्शन्समध्ये जाऊन फाइल एकाच टिचकीत उघडेल असं केलं. मग दोन दिवस जुन्या सवयीने टिचक्या दोनच पडत आणि खिडक्याही दोन उघडत. तिसऱ्या दिवशी बोट थांबायला शिकलं. अक्षरं दीडपट केली, तेव्हा एका संकेतस्थळाचं "पुढे" हे बटण पडद्याच्या खाली गेलं आणि सापडेना. मग सव्वापटीवर तडजोड झाली.

पण वडील खरे खूश झाले ते एका क्षुल्लक बदलावर. विंडोज 11 मध्ये खालच्या पट्टीवरची चित्रं मधोमध असतात. नवी खिडकी उघडली की पट्टीत एक चित्र वाढतं आणि आधीची सगळी डावीकडे सरकतात. ज्याने तीस-पस्तीस वर्षं न बघता नेमक्या बटणावर हात ठेवला, त्याच्यासाठी हे रोज सकाळी कुणीतरी पॅनेल बदलून ठेवण्यासारखंच होतं. सेटिंगमध्ये पट्टी डावीकडे लावायची सोय आहे. ती लावल्यावर चित्रं जागच्या जागी राहू लागली.

"हे आधी का नाही केलंस?" एवढंच ते म्हणाले.

डेस्कटॉपवर पाच चित्रं राहिली. ब्राउझरच्या वरच्या पट्टीत चार नावं मराठीत लिहिली: वीज बिल, बँक, पेन्शन, रेल्वे. यात डोळ्यांची सोय आहे, तशी सुरक्षितताही. बँकेचं नाव शोधायला गेलं की यादीत वरच जाहिराती येतात, कधी खोटे "कस्टमर केअर" नंबरही. ठरलेल्या नावावर टिचकी मारणाऱ्याला त्या वाटेने जावंच लागत नाही. वीज वितरण कंपनीचं फोनवरचं ॲप मात्र आईला आवडतं, नावामुळे. "मोर बिजली" म्हणजे छत्तीसगडीत "माझी वीज". आईला आजही आधी पिसाराच दिसतो.

सगळा कॉम्प्युटर मराठीत करून बघितला आणि अर्ध्या दिवसात परत इंग्रजीवर आणला. "सेव्ह" आणि "प्रिंट" त्यांना ठाऊक होते. त्यांचे मराठी पर्याय वाचताना ते अडखळू लागले. शिवाय पुण्याहून फोनवर समजावताना मुलीच्या पडद्यावर एक शब्द आणि त्यांच्या पडद्यावर दुसरा, असा घोळ झाला असता.

राहिला होता हयातीचा दाखला. निवृत्तिवेतनासाठी तो दरवर्षी द्यावा लागतो. 1995 च्या कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेत, म्हणजे सगळे ज्याला ईपीएस-95 म्हणतात तिच्यात, तो आता वर्षात केव्हाही देता येतो आणि दिल्या तारखेपासून वर्षभर चालतो. "जीवन प्रमाण" ही डिजिटल सोय 2014 च्या नोव्हेंबरात आली. पण ती सुरुवातीला बोटांच्या ठशांवर किंवा बुबुळांवर चालायची, आणि हाताने काम करत म्हातारी झालेली बोटं ठसा देत नाहीत. वडिलांनी एका केंद्रावर दहाही बोटं टेकवून पाहिली होती. ओल्या रुमालाने पुसून, कोरडी करून, पुन्हा. यंत्र "नाही"च म्हणत राहिलं. घरी आल्यावर ते कुणाशी बोलले नाहीत.

2021 च्या नोव्हेंबरात चेहऱ्यावरून ओळख पटवायची सोय झाली. त्यासाठी फोनवर दोन ॲप लागतात, एक जीवन प्रमाणचं आणि दुसरं आधारचं फेस आरडी. व्हरांड्यात खुर्ची टाकली. मागून ऊन येत होतं, चेहरा काळवंडून दिसत होता, म्हणून खुर्ची फिरवली. आधी ऑपरेटर म्हणून मुलीचा चेहरा, मग पेन्शनर म्हणून वडिलांचा.

"तुझा कशाला? जिवंत मी आहे ना?"

"बाबा, तुम्ही फोन हातात धरलात तर ऑपरेटरही तुम्हीच. मग तुमचाच चेहरा दोनदा."

पेन्शनचा पीपीओ क्रमांक, खातं, आधार, सगळं भरून झालं. चष्मा काढून त्यांनी कॅमेऱ्यात बघितलं, सांगितल्याबरोबर पापण्या मिटल्या-उघडल्या. मिनिटभरात मेसेज आला, प्रमाण-क्रमांक घेऊन. त्यांनी तो वहीत उतरवला, फोन तोंडासमोर धरून एकेक अंक पुन्हा ताडून पाहिला.

ही वही त्यांचं लॉगबुक. डावीकडे तारीख-वेळ, मध्ये काम, उजवीकडे पावती क्रमांक. पासवर्डची वही वेगळी, ती लोखंडी कपाटात. ओटीपी कुठेच लिहायचा नाही.

लांबून मदत करायला विंडोजमध्ये क्विक असिस्ट आहे. मुलीने सांगितलेला कोड वडिलांनी टाकला आणि परवानगी दिली, की त्यांचा पडदा पुण्यात दिसतो. अडचण ही, की फसवणारेही नेमकं हेच मागतात. म्हणून घरात नियम झाला: फोन आपण लावायचा. मुलीला, तिच्या जुन्या नंबरवर. समोरून आलेल्या फोनवरून, मग तो बँकेचा म्हणवणारा असो की पोलिसांचा, पडदा कुणालाही दाखवायचा नाही. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयावर आईने मोठ्या अक्षरात 1930 लिहून ठेवलं, सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा नंबर.

मुलगी पुण्याला परतल्यावर पंधरा-वीस दिवसांनी वडिलांचा फोन आला. आवाज शांत होता. वही उघडून त्यांनी वाचून दाखवलं, पाळी बदलताना पुढच्या माणसाला सांगतात तसं: "अकरा वीस. वीज बिल. पैसे भरायचं बटण आधी डावीकडे होतं, आज उजवीकडे आहे आणि हिरवं झालंय. पत्ता तपासला, वरच्या पट्टीतूनच गेलोय. अजून दाबलं नाही."

"बरोबर आहे बाबा, त्यांनीच बदललंय. दाबा."

पलीकडून एक टिचकी ऐकू आली आणि मग पेनाची खरखर.