मुसीकाठचे हैदराबाद

दक्षिणेच्या पठारावरून वाहत जाऊन कृष्णेला मिळणारी मुसी नावाची एक नदी आहे. उन्हाळ्यात तिचे रोडावलेले पात्र पाहिले, तर ही नदी एखाद्या नगराचे भाग्य घडवील किंवा बिघडवील असे कोणासही वाटणार नाही. परंतु तेलंगणाची राजधानी हैदराबाद याच नदीच्या दोन्ही तीरांवर वसलेली आहे. एका दिवसात हे शहर पाहणाऱ्या प्रवाशालाही मुसीची कथा जागोजागी ऐकावयास मिळते.

सहलीचा आरंभ सकाळी गोवळकोंड्याच्या किल्ल्यापासून करावा. कुतुबशाहीचा हा किल्ला शहराच्या पश्चिमेस खडकाळ टेकडीवर उभा आहे. त्याच्या फतेह दरवाजाच्या घुमटाखाली टाळी वाजविली, की तिचा आवाज टेकडीच्या माथ्यावरील बालाहिसारपर्यंत पोहोचतो. खाली कोणी आल्याची वर्दी वर तत्काळ मिळावी, म्हणून ही योजना होती असे सांगतात. पुढे तटाच्या आत वस्ती दाटली व पाण्याची टंचाई भासू लागली. तेव्हा १५९१ साली मुहंमद कुली कुतुबशहाने मुसीच्या दक्षिण तीरावर नवे नगर वसविले. तेच हैदराबाद. जुन्या मराठी लिखाणात त्याला भागानगर म्हटले आहे. १६७७ साली दक्षिणेच्या मोहिमेवर जाताना शिवाजी महाराज कुतुबशहाच्या भेटीसाठी याच नगरात आले होते.

या नगराच्या मध्यभागी चारमिनार उभारला गेला. त्याचे चारही मनोरे सुमारे ५६ मीटर उंच आहेत. त्याच्या चार कमानींतून चार दिशांना चार रस्ते निघतात. त्यांपैकी एका रस्त्यावरचा लाड बाजार बांगड्यांच्या दुकानांनी झगमगत असतो. येथून जवळच मुसीच्या काठी सालारजंग संग्रहालय आहे. तेथील एका घड्याळात दर तासाला एक चिमुकला दाढीवाला पुतळा बाहेर येतो आणि घंटेवर टोले देतो. ते पाहण्यासाठी लहानथोर सारेच आधीपासून जागा धरून बसतात.

नदीच्या पलीकडे उस्मानिया रुग्णालयाच्या आवारात एक जुनी चिंच आहे. २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसीला महापूर आला. घरे वाहून गेली, पूल पाण्याखाली गेले आणि हजारो माणसे मृत्युमुखी पडली. त्या प्रलयात या चिंचेच्या फांद्यांना बिलगून सुमारे दीडशे जणांनी आपले प्राण वाचविले.

असा प्रसंग पुन्हा ओढवू नये म्हणून निजामाने १९०९ साली मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांना पाचारण केले. पुण्याजवळच्या खडकवासला धरणावर स्वयंचलित दरवाजे बसविणारे अभियंते ते हेच. पुराला शहरात अडविता येणार नाही, त्याला शहराच्या वरच्या बाजूसच थोपवावे लागेल, हे त्यांनी ओळखले. त्यांच्या सल्ल्यानुसार मुसीवर उस्मानसागर व तिच्या ईसी या उपनदीवर हिमायतसागर हे जलाशय बांधण्यात आले. पहिला १९२० साली, तर दुसरा १९२७ साली पूर्ण झाला. नाश करणारे पाणी असे साठविले गेले आणि तेच नगरवासीयांची तहान भागवू लागले.

सायंकाळी हुसेनसागराच्या काठी विसावा घ्यावा. हा तलाव चारमिनारहूनही जुना आहे. त्याच्या मध्यभागी बुद्धाचा एकसंध पाषाणातील सुमारे १८ मीटर उंचीचा पुतळा उभा आहे. १९९० साली तराफ्यावरून नेताना तो पाण्यात बुडाला होता. १९९२ साली त्याला वर काढून तेथे स्थापन करण्यात आले.

तलाव बुजवून व ओढे अडवून घरे बांधली, की पाणी आपली वाट शोधीत त्या घरांतच शिरते. ऑक्टोबर २०२० मधील अतिवृष्टीत हैदराबादच्या अनेक वस्त्यांनी हा अनुभव घेतला. चारमिनार पाहिल्यावाचून कोणीही प्रवासी परतत नाही. परंतु त्याने घटकाभर त्या चिंचेखालीही उभे राहावे. नदीची वाट मोकळी ठेवणे नगराच्या किती हिताचे असते, हे तेथे चटकन उमगते.